आवतनाशिवाय केशोरीला

गोंदियाच्या कडेला, आमच्या मुर्रीत, आता धानाच्या बांध्या मोजक्याच उरल्या आहेत. बाकी सगळीकडे प्लॉट पडले, सिमेंटचे खांब रोवले गेले, पाट्या लागल्या. तरी दिवाळीच्या आसपास एखाद्या सकाळी वारा नेमका तिकडून येतो आणि कापलेल्या धानाचा वास खिडकीतून आत शिरतो. अर्धा गवताचा, अर्धा भाताचा. त्या वासानं मला दिवाळी आठवत नाही. आमच्या घरी दिवाळी नव्हतीच. आजोबांच्या पिढीनं देव्हारा उतरवला, त्याबरोबर पणत्याही उतरल्या. पण शाळेला सुट्टी लागायची, आणि सुट्टीला काही धर्म नसतो, असं बाबाच म्हणायचे. त्या सुट्टीत आम्ही केशोरीला जायचो. मामाच्या गावाला, मंडईला.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, रात्री नाटक. पण खरी मंडई भरते ती घरात. ज्या गावाची मंडई, त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, पोरंबाळं येतात. मात्र त्यासाठी आवतन लागतं. पत्र, निरोप, काहीही चालतं, पण बोलावणं हवं. आवतनाशिवाय मंडईला गेलेला जावई म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढी गोष्ट.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी आम्ही आवतनाशिवाय गेलो. दोन हजार चार किंवा पाच असेल. मी सातवीत होते.

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा गोंदियातल्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि त्यातून ओळ उभी करायची, हे त्यांचं काम. शहरात संगणक आले होते, पण त्या छापखान्यात खिळे टिकून होते. लोकांच्या लग्नपत्रिका जुळवून झाल्या की बाबा स्वतःची पत्रकं जुळवायचे. भगताकडे जाऊ नका. मुलीची शाळा सोडवू नका. मरणानंतरच्या जेवणावळी बंद करा. गुलाबी, पिवळे, पातळ कागद. मी वाचायला शिकले ते त्यांच्यावर. 'श्रद्धा' हा शब्द मी फार उशिरा वाचला, 'अंधश्रद्धा' आधी. घड्या घालायचं काम आईचं आणि माझं. आई हातातली एक बांगडी उतरवून घडीवरून फिरवायची आणि कागद कसा कडक बसायचा.

उरलेली पत्रकं फेकायची नाहीत, चुलीत तर घालायचीच नाहीत, हा नियम. त्यामुळे माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, फळीवर डब्यांखाली तीच, माझी गणितंही त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर. डब्यात खाऊ ठेवायचा तरी तोच कागद. फक्त कोरी बाजू अन्नाकडे. आईनं मला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

त्या उन्हाळ्यात मामाच्या मुलीचं, मायाताईचं लग्न झालं. मामा केशोरीलाच प्राथमिक शाळेत गुरुजी होते. लग्न अगदी साधं, बुद्धवंदना घेऊन. पण मंडपाच्या दाराशी एक नवी कोरी मोटारसायकल उभी होती आणि तिलाही हार घातलेला होता. आंदण. बाबा जेवले, आणि गोंदियाला परत आल्यावर त्यांनी पत्रक जुळवलं. त्यातली एक ओळ मला अजून तोंडपाठ आहे: 'केशोरीच्या एका गुरुजींनी मुलगी दिली, वर मोटारसायकल दिली, घेणाऱ्यालाच बक्षीस देणारा असा बाजार जगात दुसरा नसेल.' नाव नव्हतं. नाव टाकणं बाबांना असभ्य वाटायचं. गाव मात्र टाकलं, कारण उदाहरण पक्कं हवं. त्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न केलेले गुरुजी केशोरीत किती असणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही नाही. मी अभिमानानं घड्या घातल्या.

पोळ्यानंतर मामाचं पोस्टकार्ड आलं. तीन ओळी. तुमचा कागद मायाच्या सासरी पोचला. चार लोकांत वाचला गेला. यंदा मंडईचं आवतन नाही.

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. "मजकुरात चूक काय हाय?" ते म्हणाले.

"मजकुरात नाई," आई म्हणाली. "तो गेला कोणाच्या दारी, ते पाहा."

उरलेला गठ्ठा तिनं पलंगाखाली ढकलला आणि वर कुकरचा खोका ठेवला. त्यानंतर त्यातलं एकही पत्रक घराबाहेर गेलं नाही. घरात मात्र तोच कागद वापरात राहिला, कारण हाताशी तोच होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. त्या पत्रकातली एकही ओळ मला आजही खोटी वाटत नाही. आपण देव सोडले, नवस सोडले, गंडेदोरे सोडले, आणि आंदण तेवढं उराशी धरून ठेवलं. जातीची उतरंड मोडायला निघालेल्या माणसांनी आपल्याच घरात मुलीच्या बापाला खालच्या पायरीवर बसवलं. हे म्हणायला मी कोणाची परवानगी मागणार नाही. बाबांनीही मागितली नाही. पण तो प्रवास मला ज्या गोष्टीसाठी आठवतो ती परवानगीची नव्हे. ती मला बरीच उशिरा कळली, आणि अजून पुरती कळली आहे असंही नाही.

मंडईच्या दोन दिवस आधी आईनं अनारसे तळले. बाबा बघत होते. "आपण दिवाळी करत नाही," ते म्हणाले.

"अनारशाले का धरम रायते का?" आई म्हणाली. "भावाले आवडते. मी जाऊन राहिली. यायचं तर या."

"आवतन नाही."

"म्हणूनच जाऊन राहिली. तुमचं बरोबर का त्याचं बरोबर, ते तुमी दोघं पाहा. माझा भाऊ मले बोलला पायजे. मले बाकी काईच नोको."

बाबांनी मग मित्राकडून जीप आणली. निवडणुकीत प्रचाराला भाड्यानं जाणारी जीप. टपावर भोंगा बसवायची भोकं तशीच होती आणि त्यातून उन्हाचे दोन गोल कवडसे आत पडत. किल्ली देताना मित्र म्हणाला होता, "भाऊ, ब्रेक दो बार दबाना. पहली बार में सुनता नहीं." आईची अट एकच होती. गाडीत एकही पत्रक नको. तिनं बाबांची शबनम उलटी करून झटकली, सदऱ्याचा खिसा तपासला, त्यातलं बसचं जुनं तिकीटसुद्धा काढून ठेवलं.

पहाटे निघायच्या गडबडीत वीज गेली. अनारशांचा डबा भरायचं काम माझ्याकडे होतं.

शंभरेक किलोमीटरचा तो रस्ता. आज त्याला कोणी लांबचा प्रवास म्हणणार नाही. तेव्हा आमचा अख्खा दिवस त्यात जायचा, आणि आम्हाला तो जायलाच हवा असायचा. गोरेगावपर्यंत धुकं. बांध्यांमधून बाया ओळीनं वाकलेल्या, डोक्याला टॉवेल, हातात विळे, आणि मागे कापलेल्या धानाच्या आडव्या ओळी. धुक्यामुळे फक्त पाठी दिसत. मग ऊन आलं आणि सगळं एकदम पिवळं झालं. काही ठिकाणी डांबरी रस्त्यावरच धान वाळत घातलेलं. बाबा कडेनं, अगदी हळू गाडी काढत. कुणाच्या धानावरून चाक जाऊ द्यायचं नाही. अशा वेळी मला बाबांचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

कोहमाऱ्याला हमरस्ता ओलांडला, ट्रकांचा गोंगाट मागे पडला, आणि गाडी आणखी मंदावली.

"पायी निघालो असतो तर पोचलो असतो," आई म्हणाली.

"ब्रेक बरोबर नाही."

"ब्रेक कायले लागते? चढ हाय हा."

बाबा हसले नाहीत. मला हसू आलं ते मी खिडकीबाहेर सोडलं. दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं होतं. सागाची पानं जाळीदार झालेली, मोहाची झाडं स्वस्थ. मला वाटत होतं की बाबा बरोबर आहेत, आणि बरोबर असलेल्या माणसानं एवढं हळू जायचं काही कारण नाही.

आता मी या रस्त्यानं बसनं जाते तेव्हा कोहमाऱ्यानंतर आपोआप डोळे मिटते. मीही लिहिते. मला खिळे जुळवावे लागत नाहीत, घड्या घालाव्या लागत नाहीत. मुर्रीत बसून बोट दाबलं की लिहिलेलं केशोरीत पोचतं. पावसाच्या तोंडावर छापलेला कागद पोळ्यापर्यंत पोचला होता. मध्ये विचार करायला काही आठवडे तरी होते. बाबांनी ते वापरले नाहीत, ही वेगळी गोष्ट.

नवेगावबांधला तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर, आम्ही जेवायला थांबलो. पाण्यावर परदेशी बदकांचे थवे नुकते उतरायला लागले होते. दुरून काळे ठिपके, मधेच एखादा थवा उठून परत बसायचा. पोळ्या, लाखोळीची भाजी, कांदा. जेवण झाल्यावर आई म्हणाली, एकेक अनारसा खाऊ, कसे झाले ते तरी कळेल. तिनं डबा उघडला, एक उचलला आणि उलटा केला.

"हे काय लागलं खाली?"

अनारशाच्या गुळगुळीत बाजूवर काळ्या रेघा होत्या. मी पाहिलं आणि मला कळलं. मधले कागद मी छापील बाजू वर करून घातले होते. तुपानं शाई उचलली होती. अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी.

बाबांनी तो हातात घेतला. जुळारी माणूस जन्मभर उलटी अक्षरंच वाचतो. त्यांना सुलट करायची गरज नव्हती.

"का लिवलं हाय?" आईनं विचारलं.

"बाजार," बाबा म्हणाले.

"कोनता बाजार?"

आईनं डब्यातला कागद ओढून काढला, आणि तिला कळलं. ज्या कागदासाठी भावानं दार लावून घेतलं होतं, तोच कागद ती त्याच्या आवडीच्या अनारशांना लावून घेऊन चालली होती.

"तूच भरला ना वो डबा?"

"अंधार होता," मी म्हणाले.

मला वाटलं ती मारणार. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, इतकी की पाळीवरून जाणारा सायकलवाला वळून पाहायला लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "आता कोरा कागद द्या लवकर. सारे बदलून टाकू."

बाबांनी शबनम चाचपली, खिसे चाचपले, सीटखाली पाहिलं. "तूच म्हणाली होती, एक कागद नको."

घरी पलंगाखाली रास होती. इथं आमच्याकडे हाताएवढा कोरा कागद नव्हता. शेवटी पाळीखालच्या चहाच्या टपरीवर मी गेले. तिथली म्हातारी म्हणाली, "कागद कायले पायजे वो पोरी? पान ने." तिनं पळसाच्या दोन पत्रावळी दिल्या. आम्ही तिघं गुडघ्यावर बसून अनारसे निवडायला लागलो. ज्यांना शाई लागली नव्हती ते पळसाच्या पानांवर. शाई लागलेले बाजूला.

"हे तुमीच खा आता," आई बाबांना म्हणाली.

बाबांनी खाल्ले. प्रत्येक अनारसा तोंडात घालण्याआधी ते उलटा करून बघत. एकावर नुसतीच एक वेलांटी. एकावर अर्धा 'मोटार'. चौथा हातात घेतला आणि ते थांबले.

"इथं गाव आलं," ते म्हणाले.

'केशोरी' पूर्ण उमटलं होतं, सगळ्यांत ठळक. त्यांनी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. तो हातात तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "गाव टाकायला नको होतं."

"मले कायले सांगता?" आई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

अर्जुनी मोरगाव सोडल्यावर पुन्हा जंगल, मग पुन्हा धान. केशोरीत शिरलो तेव्हा दुपार कलत होती. दुसऱ्या दिवशीच्या मंडईसाठी पाळण्याचे खांब उभे राहत होते. ओळखीची माणसं जीपकडे पाहत होती आणि नंतर एकमेकांकडे.

मामा घरासमोरच्या खळ्यात धान झोडपत होते. दोन्ही हातांनी पेंढी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. जीप थांबली ती त्यांनी पाहिली. पेंढी थांबली नाही.

मामी आतून आली. आईला बघून तिचे डोळे भरले, पण खळ्याकडे एक नजर टाकून ती निमूट आत गेली आणि पाण्याचे लोटे घेऊन आली. पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. तिनं लोटे ओसरीच्या पायरीवर ठेवले. दोन. एक आईसाठी, एक माझ्यासाठी. बाबा जीपमध्येच बसून होते, स्टिअरिंगवर हात ठेवून.

आईनं ते लोटे पाहिले. ती पायरीशी उभी राहिली. मी पाय धुतले. तिनं धुतले नाहीत.

"भाऊ," तिनं खळ्याकडे बघून हाक मारली.

पेंढी फळीवर आपटली. धानाचे दाणे उडाले.

तेवढ्यात मायाताई बाहेर आली. मंडईसाठी माहेरी आलेली. लग्नात पाहिली होती त्यापेक्षा बारीक झाली होती. ती आईकडे आली नाही, सरळ जीपकडे गेली.

"फुफाजी, उतरा. उन्हात कायले बसले?"

"आवतन नाही," बाबा म्हणाले.

"कागदाले लागलं का आवतन? तो तर सासरपर्यंत येऊन गेला."

बाबा उतरले. चपला घातलेल्या पायांनी तसेच जीपशी उभे राहिले. "माया, मजकूर मी मागे घेणार नाही. पण गाव टाकलं, ते माझं चुकलं."

"मजकूर मले पाठ हाय," मायाताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सासऱ्यानं मलेच वाचायले लावला, चार लोकांत. म्हणे, तू शिकलेली, तूच वाच. सारे हाय त्याच्यात. बाप हाय, जवाई हाय, समाज हाय. गाडीबी हाय. मी कुठं हाय? लगन तर माझंच होतं ना?"

पत्रकांतल्या कुठल्याच ओळीत याचं उत्तर नव्हतं. मी तर सगळ्या घड्या घातल्या होत्या, मला माहीत होतं.

"मले गाडी पायजे का नाई, हे माझ्या बापानं नाई विचारलं. तुमी एवढं लिवलं, तुमीबी नाई विचारलं."

"आता विचारतो," बाबा म्हणाले.

"मंग आता सांगते."

ती आत गेली. आली तेव्हा तिच्या एका हातात तिसरा लोटा होता आणि दुसऱ्या हातात मामाच्या शाळेच्या पिशवीतली वही. लोटा तिनं बाबांपुढे ठेवला. बाबांनी पाय धुतले. ओल्या पायांनीच ओसरीच्या कडेला बसले, वही मांडीवर घेतली, खिशातलं पेन काढलं. आपल्या मजकुरातला एक स्वल्पविरामही कुणाला हलवू न देणारा माणूस पेन उघडून पोरीच्या तोंडाकडे बघत बसला.

"पहिले माझं नाव लिवा," मायाताई म्हणाली.

खळ्यातला आवाज थांबला.

आईनं माझा हात धरला. मला तिच्या मनातलं दिसत होतं. पुन्हा कागद, आणि आता भावाच्याच ओसरीवर, भावाच्याच वहीत. एवढा रस्ता कापून ती एका शब्दासाठी आली होती, आणि तो शब्द आता कायमचा जाणार होता.

"नोको वो माया," ती म्हणाली. "राहू दे. मी पाया पडते तुझ्या."

मामा पेंढी हातात धरून उभे होते. घामाला तूस चिकटलेलं, पांढऱ्या भुवयांवर धूळ. ते लेकीकडे पाहत होते, बाबांकडे नाही. लेक मागे वळली नाही. मग त्यांनी पेंढी हळूच खाली ठेवली, आपटली नाही.

"लिवू दे तिले, बाई," ते आईला म्हणाले. "अन् तू पाय धू आधी. कवाची उभी हाय तशीच."

आईनं माझा हात सोडला. खाली वाकून लोटा उचलला आणि पायांवर पाणी घातलं. उन्हात राहून ते कोमट झालं होतं.